सेकंडचं अस्वल

पांढऱ्यावर पांढरं, अशी ऑर्डर होती.
पांढऱ्या टॉवेलच्या कोपऱ्यात पांढरं अस्वल,
दोन बोटं लांब, चालतं,
तोंड डावीकडं.
"दिसणार कसं?" मी इरण्णा मास्तरांना विचारलं.
"दिसू नये असंच पाहिजे त्यांना," म्हणाले,
"श्रीमंती असती ती."

अक्कलकोट रोडचा कारखाना, एप्रिल, चव्वेचाळीस डिग्री.
पत्र्याखाली बारा सुया एकदम खाली जायच्या
आणि बारा अस्वलं एकदम उठायची.
खोक्यावर त्या गावाचं नाव छापलेलं,
इतकं लांब की चिकटपट्टीखाली अर्धं झाकायचं.
रेणव्वानं एकदा वाचायला घेतलं,
मध्येच तेलुगूत काहीतरी पुटपुटली
आणि सोडून दिलं.

मी चेकिंगला.
पांढऱ्यावर पांढरं ट्यूबच्या उजेडात कळत नाही,
म्हणून अंगठा फिरवायचा:
पाठीचा उंचवटा, मान, मग पाय मोजायचे.
तीनच लागले तर सेकंडमध्ये.
कान नसला तर सेकंडमध्ये.
दोरा सुटून हातभर शेपूट आली, सेकंडमध्ये.
दिवसाला साडेचारशे अस्वलं
ह्या अंगठ्याखालून गेली.

मालकांचा श्रीहर्ष त्या लॉजवर जाऊन आला.
विमान, मग छोटं विमान,
मग रणगाड्यासारखे पट्टे असलेली गाडी.
जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाइल फिरवला:
काचेच्या छताची खोली,
पलंगावर पडल्या पडल्या आभाळात हिरवा उजेड,
बर्फात मांडलेलं टेबल, ग्लासं, मेणबत्त्या,
आणि खुर्चीवर आमचा टॉवेल,
आम्ही घातलेल्या घडीतच, न मोडलेला.
"आणि अस्वल?" रेणव्वानं विचारलं.
त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
अजून मोठा केला,
तेव्हा पांढऱ्यात एक पिवळट ठिपका निघाला.
"हे. बहुतेक.
सहा दिवस बसलो होतो."
आम्ही डबे बाजूला सारून वाकून बघितलं.
कुणी हसलं नाही.
'बहुतेक' म्हणताना त्याचा आवाज
पहिल्यांदाच मालकासारखा नव्हता.

माझे वडील नान्नजच्या माळावर मेंढरं राखायचे.
पहाटे गाड्या यायच्या, लांबच्या पासिंगच्या,
गळ्यात दुर्बिणी, हातात थर्मास.
"माळढोक कुठंय?"
वडील काठी उचलायचे: तिकडं, कुसळाच्या पल्याड.
गाड्या ऊन होईस्तोवर थांबायच्या,
चहा संपला की जायच्या.
मी विचारलं होतं, "खरंच होता का तिकडं?"
"एका जागी गवत
वाऱ्याच्या उलटं हललं," म्हणाले.
"मी तेवढंच बघतो.
मग मेंढरं दुसरीकडून काढतो."

ऑर्डर गेली. सेकंडचा ढीग राहिला,
तो मंगळवार बाजारात किलोवर गेला.
आता सगळ्या पूर्व भागात गच्च्यांवर
उत्तरेची अस्वलं वाळतात.
तीन पायांचं एक अशोक चौकातल्या सलूनमध्ये,
दाढीच्या फेसात.
एक रिक्षावाल्याच्या मानेवर, घामानं तपकिरी.
एकाचं रेणव्वाच्या नातवाला
आडवं फाडून लंगोट शिवलंय,
अस्वल नेमकं ढुंगणावर.
कुणाला पत्ता नाही.

माझ्याकडं आहे ते बिनकानाचं.
उकाड्यात, वीज गेली की,
ओलं करून तोंडावर घेते.
अंधारात अंगठा आपोआप कोपऱ्याकडं जातो.
पाय चारी आहेत. पाठ, मान,
मग कान असायला हवा होता ती जागा.
तिथं काहीतरी
पंखा बंद असूनही
थंड हलतं.
मी अंगठा उचलते,
दुसरीकडून काढून घेते.