नाव

आचऱ्याचा कातळ, काजूंखाली चाळीस पिंजरे.
आमिष : खोबरं, सुकट.
पहाटे तीनच मिटलेले.

तुळाजी मांजरेकर
(आडनावावर तो स्वतःच हसतो)
उंदीर पिशवीत धरतो.
मी थेंबभर रक्त, थोडी लाळ घेते,
कानाला खूण करून सोडते.
तो लगेच पळत नाही,
मिश्या पुसत बसतो.

दोन महिन्यांनी पुण्याहून अक्षरं येतात,
कुठल्याच यादीत न सापडलेली.
उंदीर तर ठणठणीत होता.
किती पिढ्या वागवतोय, कोण जाणे.

फोनवर तुळाजी : माणसाक लागता काय?
माहीत नाही, मी म्हणते.
पलीकडे बराच वेळ नुसती गाज.
मग, गावाचा नाव मात्र घालू नको हां, बाय.
चेडवांची लग्ना होवची आसत.

रकाना अजून रिकामाच आहे.