दीड लिटर

एकतीस वर्षं पर्वतीच्या टाकीखाली
मी कॉर्पोरेशनचे व्हॉल्व्ह फिरवले.
आता डॉक्टर घैसास म्हणतात,
रणपिसे, दिवसाला दीड लिटर. चहा धरून.
कुमुदनं बाटलीवर मार्करनं रेघ मारलीय.

मेडिकलवाला तन्वीर बागवान
पाकिटाच्या पाठीवर मला कळेल असं लिहून देतो.
ही पिवळी पंपाला सांगते, घाई नको.
भीती वाटली, राग आला, की हृदयाकडे
जो निरोप धावत सुटतो
तो ही दारातच अडवते.
(परवा रिक्षावाल्याशी भांडलो. नाडी अठ्ठावन्न.
भांडणात मजाच उरली नाही.)

ही अर्धी. नळ्या आवळणारं रसायन
अंगात तयारच होऊ देत नाही.
तिनं पंधरा दिवस कोरडा खोकला दिला,
मग तिची चुलतबहीण आली,
काम तेच, खोकला नाही.

रक्तातल्या चपट्या पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून एक.
दाढी करताना कापलं तर कापूस दाबून धरेतो
पेपर वाचून होतो, छोट्या जाहिरातींसकट.
रात्रीची यकृताला दटावते,
चरबी कमी बनव, पाइपात साका बसतोय.

साका मला माहितीय.
एकोणनव्वद साली उकरून काढलेला बिडाचा पाइप,
सहा इंची,
आत दोन बोटं जेमतेम गेली होती.

खिशात जिभेखालची.
काका, आधी बसा, मग ठेवा, तन्वीर दोनदा बजावतो,
नळ्या एकदम सैल पडतात, उभे असाल तर कोसळाल.

पण माझी खरी ओळख पांढरीशी.
ती मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावते,
मिठामागं पाणी जातं.
सकाळी आठ ते अकरा मी बसमध्ये चढत नाही.

जनता वसाहतीत सगळ्यात वरचं घर सगुणा ओव्हाळचं.
पहाटे चारला ती नळाखाली कळशी लावायची.
आधी नुसती हवा फुसफुसायची.
खालचा व्हॉल्व्ह दोन आटे आवळला
तरच तिच्यापर्यंत धार.
खालचे शिव्या द्यायचे. मी आवळायचो.

झोपताना नडगीवर अंगठा दाबतो.
गेल्या महिन्यात खड्डा पडायचा,
भरायला किती वेळ लागतो, मोजत बसायचो.
आज दाबला.
खड्डा नाही.

बाटलीच्या तळाशी घोटभर उरलंय.
कुमुद म्हणते, घ्या की, तुमच्याच कोट्यातलं आहे.
राहू दे, म्हटलं.
वरच्यांना कमी पडलं तर.