गादीवाला

उके मॅडमनी फोटो उजेडावर धरला
आणि म्हणाल्या, काका, गादी झिजली.

मला हसूच आलं.
छप्पन्न वर्षं गांधीबागेत गाद्या भरल्या मी,
नुसता तळवा फिरवून सांगत आलो
कोण कोणत्या कुशीवर झोपतं,
आणि माझ्याच गुडघ्यातली गादी
मला फोटोत दाखवावी लागली.

दाखवली म्हणजे काय,
वर हाड, खाली हाड,
मध्ये जिथं काळी फट पाहिजे
तिथं केसाएवढी रेघ.
गादी फोटोत येतच नाही म्हणाल्या.
ती किती उरली
ते तिच्या रिकाम्या जागेवरून ओळखायचं.

पडलो नाही बाप्पा, आदळलो नाही.
मग काहून?

त्या म्हणाल्या, झिजणं रोजचंच,
विशीतही झिजत होती.
तेव्हा आतले कारागीर डागडुजी करून ठेवत.
आता तेच कारागीर म्हातारे झाले.
मुळात थोडे, एकमेकांपासून लांब बसलेले,
रक्ताची नळी तिथवर जात नाही,
चालता-वळता जे आत झिरपेल
तेवढ्यावर त्यांचं भागायचं.
त्यातले काही धड मरत नाहीत,
धड कामही करत नाहीत.
बसून राहतात.
आणि बसल्या जागेवरून असं काही सोडतात
की शेजारचा चांगला धागा कुरतडला जातो.

मी खाली पाहिलं.
दुकानात मागच्या फळीवर मी असाच बसतो.
मुकुंदानं फोम आणला, स्प्रिंगचे कॅटलॉग आणले,
आणि मी गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं पुटपुटतो:
यात वारा खेळत नाही.

मॅडम बोलतच होत्या.
पाणी धरून ठेवणारं जे असतं ते कमी होतं,
साखर चिकटत चिकटत धागे ताठर होतात,
पिवळे पडतात.

पिवळे?

हो काका. तरुण कूर्चा निळसर पांढरी असते.

हे मात्र मला कोणी शिकवायला नको.
यवतमाळकडची गठाण सोडली
की नवी रुई सावलीत निळी मारते.
आणि वीस उन्हाळे घाम प्यालेली,
कूलरच्या ओलीनं धरलेली रुई
उसवली की चहाच्या रंगाची, गाठीच गाठी,
दाबली तर दबते
आणि वर येत नाही.
दबण्यात कमीपणा नाही,
गादीनं दबावंच.
सगळं कसब परत वर येण्यात.

मी विचारलं, पिंजता येत नाही का?
आमच्याकडं जुनी रुई पिंजली
की निम्मी धूळ होऊन उडते,
निम्मी उठून बसते.

त्या हसल्या नाहीत. थांबल्या जरा.
अजून तरी नाही, म्हणाल्या.
मग खुर्चीवर बसवून
पाय सरळ करायला लावला, दहापर्यंत मोजायला.
मांडी जेवढं उचलेल
तेवढं गादीवर कमी पडेल.

परवा भर दुपारी सायकलरिक्षात घालून
सक्करदऱ्याहून बारापात्रे बाईंनी गादी आणली.
लग्नातली. अठ्ठेचाळीस वर्षांची.
मुकुंदा म्हणाला, मावशी, नवीच घ्या ना.
त्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

मी शिवण उसवली,
कोपरापर्यंत हात आत घातला,
आणि काउंटरखाली डावा पाय सरळ केला.
तीन. चार.
काही उरलं का हो आत?
पाच.
मूठभर ओढून काढली,
शटरमधून येणाऱ्या उजेडावर धरली
मॅडमनी धरला होता तसा.
गुडघ्यात करकरलं. सहा.
आहे, म्हटलं. पातळ होईल.
दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकतो,
आणि खाली मुकुंदाची एक फोमशीट घालू.
मुकुंदानं मान वर केली.
सात, म्हटलं.
बाईंना वाटलं, सातशे.