डोया

बर्नर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा तीन वाजून गेले होते.
डिसेंबरातलं धुळं. पांझरेवरचा वारा
बॉयलरखोलीच्या फुटक्या जाळीतून सरळ आत,
आणि वरून कुवर सिस्टरचा फोन :
"पाणी कोमट येतंय. दोन बायका टेबलावर आहेत."

मी पुन्हा लाल बटणावर अंगठा ठेवला.
सुपडूअण्णांनी तो उचलला,
चहातली माशी काढावी तसा.
"दोन डाव दाबं ना? बस कर भो.
न पेटेल तेल मजार साचस.
मंग एकदम पेटस, दार उखाडीसन बाहेर येस."

टॉर्च काखेत धरून ते पान्याने एकेक सोडवत गेले
आणि मला, आयटीआय झालेल्याला, विचारत गेले :
डिझेलना डबामा काडी टाकी ते काय व्हस?
विझते.
मंग हाई कसं पेटस?

नोझल माझ्या तळहातावर ठेवलं.
भोक एवढं, की मुंगीचं डोकं अडकावं.
पंप तेलाला तिथून रेटतो
आणि पलीकडे तेल राहतच नाही,
गिरणीत पीठ उडावं तसं धुकं,
कणाकणाला वेगळी हवा.

पण त्याआधी पंखा. नुसता पंखा.
मागचं उरलंसुरलं चिमणीतून घालवतो,
मग दोन टोकांत निळी ठिणगी,
मग झडप, मग ते धुकं.
आणि बठ्ठं खरंच पेटलं का, हे पाहायला
एक डोया.

पेराएवढी काच.
तिला आग दिसली तर तेल चालू,
नाही दिसली तर दहा मोजायचे आणि सगळं बंद.

अण्णांनी ती उजेडात धरली. काजळीने काळीठिक्कर.
म्हणजे आग तिन्ही वेळा लागली होती.
हिलाच दिसली नव्हती.
आणि मी झरोक्यातून एकदाही वाकून पाहिलं नव्हतं,
माझं सगळं लक्ष बटणावर.

अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
ऑपरेशन दोन वर्षं लांबलंय,
याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर.
त्यांनी काच सदऱ्याला पुसली, डाव्या डोळ्याजवळ नेली,
परत पुसली.

"आते दाब."

पंखा. मी मोजत राहिलो.
टक्. फप्. आणि मग तो भरदार घुरघुराट,
पायांखालची फरशी हलकीशी थरथरली.
काटा अर्ध्या किलोपर्यंत चढला, तिथेच बसला.
कमी दाबाचा बॉयलर,
त्याला कुणाला धाक दाखवायचा नसतो.

रजिस्टरात कारणाच्या रकान्यात अण्णांनी लिहिलं : डोया.
मी खाली सही केली. शब्द सुधारला नाही.

फोन वाजला. कुवर सिस्टर :
"अहो, हात भाजतोय. जरा कमी करा."