उचलता पूल

भुईकोटाच्या खंदकाशी कट्ट्यावर
राजेशम गुंडेटी बसलेला असतो.
चाळीस वर्षं माग चालवला, आता हातांना काम नाही.
पाहुणे विचारतात, इथला उचलता पूल कुठंय?
पाहुण्यांना काहीतरी बघायचंच असतं.

तो उठतो. दरवाज्यापाशी दगडातली
एक खाच दाखवतो,
कशाची, ते कुणालाच नक्की माहीत नाही.
"साखळी असेल," म्हणतो.
मग दोन्ही तळवे आडवे धरून
एक वर, एक खाली,
खट्.
मधल्या फटीतून काहीतरी पलीकडे जातं:
घोडा, निरोप, धोटा.
परत खट्.

एक मुलगी खंदकात वाकून बघते.
वेड्या बाभळी, शेवाळ, गुटख्याची पुडी.
"पडला का पूल?"
"आगम्मा, वर आहे तो. खाली आला की सांगतो."

ती थांबते.
आई हाक मारते, रिक्षा थांबलीय,
चादरी घ्यायच्यात अजून, दुकान दीडला बंद होतं.

"आला," म्हणतो गुंडेटी.

ती नसलेल्या फळ्यांवरून
पाय जपून टाकत निघते.
त्याचे तळवे खाली, आडवे, थोडे थरथरत.
ती रिक्षात बसेपर्यंत
तो ते उचलत नाही.