क निवृत्त झाला

बारापात्रे मॅडम फळ्यावर तीनच माणसं आणायच्या,
अ, ब आणि क.
नफा वाटायचे तीनास दोनास एक,
आणि पाचव्या प्रकरणात, एकतीस मार्चला,
क निवृत्त व्हायचा.

कशानं, ते दिलेलं नसायचं.
दिलेलं असायचं: फर्निचर आठ हजार,
संशयित कर्जाची तरतूद पाच टक्के,
ख्यातीत क चा वाटा काढा.

ख्याती म्हणजे काय हो मॅडम, तरन्नुमनं विचारलं.
माल तोच, भाव तोच,
तरी गिऱ्हाईक चार दुकानं ओलांडून तुमच्याकडेच येतं ना,
त्याचे पैसे.
आम्ही ते वहीत उतरवलं
आणि मधल्या सुट्टीत सक्करदरा चौकात
चार ठेले ओलांडून पुंडलिककडेच तर्री-पोहे खाल्ले.

खोटं कशाला सांगू, मला आवडायचं ते.
कीर्द, खतावणी, तेरीज.
एकदा अठरा रुपयांचा फरक निघाला
तर रात्री एकपर्यंत जागले.
चौसष्टचे शेहेचाळीस लिहिले होते, मीच.
सापडले तेव्हा घरात सगळे झोपलेले,
सांगायला कोणी नव्हतं.

फेब्रुवारीत आई कुलरची फ्रेम उतरवताना स्टुलावरून पडली.
उजवा हात, मनगटाच्या वर.
भाऊ बुटीबोरीच्या कंपनीत, त्याची नाइट पाळी.
आणि नागपूरचा उन्हाळा काही
बोर्डाचं वेळापत्रक विचारून येत नाही.
महालातून फोन, नंदनवनातून फोन,
गवत कधी भरून देता, बाई?
मी वर्गात बसले होते.
क निवृत्त होत होता.
माझ्या नखांत कुलरचं गवत होतं.

ऑफिसात निखारे बाबूंनी फॉर्म सरकवला.
'अभ्यासक्रम सोडण्याचे कारण',
पुढे दोन बोटं जागा.
"घरगुती लिही वं पोरी,
सगळे तेच लिहून राहिले."
मी लिहिलं.
अक्षर चांगलं आलं, याचंच वाईट वाटलं.
अनामत तीनशे परत मिळाले,
पावतीवर सही,
तारीख अकरा मार्च.
एकतीस नाही.
मधल्याच तारखेला गेला तर नफा त्या दिवसापर्यंत मोजतात,
तेही आम्हाला शिकवलेलं होतं.

तरन्नुम फाटकापर्यंत आली.
म्हणाली, पुढच्या वर्षी बसशील ना.
मी म्हटलं, हो ना.
दोघींनाही आकडे वाचता येत होते.

आता रोज दुपारी कोणाच्या तरी गच्चीवर मी असते.
जाळी, गवत, तार, पक्कड.
पाणी सोडलं की आधी धुळीचा वास येतो, मग गवताचा.
मानेवाड्याचा एक म्हातारा म्हणाला,
वाटेत दुकानं लय लागली,
पण तुझ्या आईच्या हातचं गवत दोन उन्हाळे बसत नाही.
मी मान हलवली.
त्यात माझा वाटा किती, अजून काढलेला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला,
आवाज ओळखीचा, पत्ता रेशीमबागेचा, तिसरा मजला.
मॅडमनी दार उघडलं, आधी पाणी दिलं.
क कुठे गेला, त्यांनी विचारलं नाही.
पलंगावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता,
त्यावर पेपरवेट म्हणून एक संत्रं.
मी तिन्ही जाळ्या भरल्या, पंप साफ केला, चालू करून दाखवला.
पहिल्या वाऱ्यानं वरचा पेपर उडाला,
दोघी एकदमच वाकलो.

किती झाले?
चारशे वीस.
त्यांनी पाचशेची नोट दिली. सुट्टे माझ्याकडे नव्हते.
राहू दे गं, त्या म्हणाल्या.
नाही, आणून देते.

रात्री निळ्या वहीत नोंद केली:
बारापात्रे मॅडम, देणे, ऐंशी.
जून संपत आला.
रेशीमबागेवरून दोनदा गेले,
खिशात सुट्टे होते.