पुलांची तपासनीस

रेनीटा ब्रॉडनॅक्स, वय एकोणचाळीस,
पिट्सबर्गच्या पुलांना पडलेल्या भेगा मोजते.
रात्री अकराला, पायातले मोजेही न काढता,
फोनवर तीन ॲप उघडून बसते.

पहिलं पगार विचारतं. खरा लिहिला
की पुरुष गप्प होतात. अर्धा लिहिला
की आपणच आपल्याला कापून घेतल्यासारखं.
दुसऱ्यात वंशाचा रकाना.
कुणीतरी, कुठेतरी, त्यातली तिची खूण पुसून
निवांत जेवायला बसलं असेल.
ते दिसत नाही. दिसते ती फक्त शांतता.
तिसऱ्यावर सगळे आपलेच काळे लोक:
वकील, दंतवैद्य,
आणि चर्चमधले डीकन थॅडियस,
ज्यांची बायको परवाच तिच्या शेजारी उभी राहून गात होती.

फोटो कुठला लावायचा?
ऑफिसातला, केस इस्त्री फिरवल्यासारखे?
की हा, हेल्मेटखालून बंड करून निघालेल्या बटा,
मागे गंजकी तुळई?
"हसरा लाव गं, दात दिसू देत," व्हर्लीन मावशी म्हणते.
"मावशी, घोडी विकायला काढलीयेस का?"

एकानं लिहिलं: तुझ्यासारखीशी कधी बोललो नाही.
मग बोलूही नकोस.
दुसऱ्यानं: तुझ्यामागे खडूनं लिहिलंय, ते काय?

ती उशीला टेकून बसते.
भेगेचं टोक. बाजूला तारीख. पुढे सरकते का, ते कळायला.

तीन ठिपके हलतात, थांबतात,
पुन्हा हलतात.

सरकली?

पहाटे पाचचा गजर लावायचा राहिलाय.
आणि मोजे.